गव्हाण चालू करा

माझ्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, उजव्या हाताची दोन बोटं ज्या माणसाने मोडली त्याच्या कपाळात मी कॉम्पुटरचं लोखंडी झाकण घातलं होतं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. झाकण पातळ पत्र्याचं निघालं, याचं मात्र वाटतं.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागे माझं कॉम्पुटर दुरुस्तीचं दुकान होतं. कारेगावातल्या कंपन्यांची, शिक्रापूरच्या सायबर कॅफेवाल्यांची मशीनं माझ्याकडे यायची. दोन हजार सालानंतरचा तो काळ. पण माझा हात बसला होता तो नेटवर्क कार्डावर. ज्या मशीनला स्वतःची डिस्क नसते, त्याच्या नेटवर्क कार्डावर एक छोटी चिप बसवलेली असते. बटण दाबलं की चिपेतला प्रोग्राम जागा होतो, वायरीतून ऑफिसातल्या मोठ्या मशीनला, सर्व्हरला, हाक मारतो आणि बाकीचं सगळं तिकडून मागून घेतो. चिपेत तेवढंच असतं, हाक मारण्यापुरतं. सर्व्हर बदलला की कधीकधी जुनी हाक त्याला कळत नाही. मग चिपेतला जुना प्रोग्राम फ्लॉपीवर काढून ठेवायचा आणि त्या जागी नवा लिहायचा. लिहायला अर्धी बिडी ओढून होईल एवढाच वेळ लागतो. पण तेवढ्यात लाइट गेली तर कार्ड मेलं म्हणून समजा, ते पुन्हा डोळे उघडत नाही. आणि लाइटीचे आमच्याकडे काय हाल होते ते सांगायला नको. मी तर दुकानातही आधी लोडशेडिंगचं टायमिंग बघायचो आणि मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचो.

दाजी दौंडकडच्या एका साखर कारखान्यात काट्यावर होते. काटा म्हणजे उसाची अख्खी ट्रॉली जिथे तोलतात तो जमिनीतला वजनकाटा. दाजी शांत माणूस. ताई म्हणायची, यांच्या अंगावर पाल पडली तरी हे तिला आधी बसा म्हणतील. अशा माणसाला काट्यावर बसवू नये. काटा मारतात, म्हणजे वजन कमी दाखवून ऊस खातात, हा शेतकऱ्यांचा संशय कारखान्याइतकाच जुना आहे आणि तो फुकाचा आहे असं मी तरी म्हणणार नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असे कारखाने कुणी पाहिले नाहीत?

त्या कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत एका वर्षी यावरून खुर्च्या उडाल्या होत्या. काट्यावरच्या कॉम्पुटरात दोन प्रोग्राम असतात, एक खरा आणि एक चोरीचा, असा आरोप झाला. मग चेअरमनसाहेबांनी स्टेजवरून जाहीर केलं की इथून पुढे काट्यावरच्या कॉम्पुटरला डिस्कच असणार नाही, फ्लॉपीसुद्धा नाही. नुसतं रिकामं खोकं. टाळ्या पडल्या. तेव्हापासून त्या भागातल्या लहानथोर सगळ्यांना पाठ झालं होतं की काट्याच्या खोक्यात काही नसतं. कार्डावर चिप असते हे साहेबांनी सांगितलं नाही. त्यांनाच ते ठाऊक नव्हतं.

ऐन हंगामात ऑफिसातला सर्व्हर बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी मशीन चालू केलं तर ते हाक मारून मारून थकलं, पलीकडून ओ येईना. काटा बंद पडला. शेजारच्या काट्याची तीच गत. वजनाचे लाल आकडे दाखवणारा डबा वेगळा असतो आणि तो चालू होता, पण पावती कॉम्पुटरच काढतो. पावतीशिवाय गाडी पुढे सोडायची नाही असा नियम. दाजींनी मला फोन केला. म्हणाले, "जरा लवकर या, लोकं तापायला लागलीत."

मी मोटरसायकल काढली आणि न्हावऱ्यावरून निघालो. पोचलो तेव्हा ट्रॅक्टरची रांग गेटाच्या बाहेर रस्त्यावर आली होती. कालपासून थांबलेले लोक होते. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो आणि तितका वजनात मार खातो. प्रत्येक तासाला आपलं वजन हवेत उडतंय हे त्यांना दिसत होतं. त्यांचा राग मला कळतो. मीही त्यांच्यातलाच, आमचाही ऊस जायचा. पण राग कळणं वेगळं आणि मार खाणं वेगळं.

काटाघर म्हणजे एक खोली, एक दार आणि रांगेकडे उघडणारी एक खिडकी. मी खोकं उघडलं. पिशवीतून माझी फ्लॉपीची पेटी काढून वायरीने मशीनला जोडली, कारण त्याला स्वतःची नव्हतीच. जुना प्रोग्राम फ्लॉपीवर काढून घेतला. मग मशीन बंद केलं आणि चिपेवर नंबर कोणता आहे ते बघायला कार्ड उपसून खिडकीच्या उजेडात धरलं.

खिडकीत पिवळा गमछावाला एक आडदांड गडी सकाळपासून कोपरं टेकून उभा होता. त्याने विचारलं, "ते काय हाय ओ हातात?"

मी सांगितलं, कार्ड आहे.

"आन् त्याच्यावर ते काळं?"

"चिप आहे."

त्याने मागे वळून आवाज दिला, "आबा, खोकं रिकामं म्हनत हुते न्हवं? चिप घावली बघा."

त्याच महिन्यात हायवेवरच्या पेट्रोल पंपांवर चिप बसवून माप मारतात ही बातमी गावोगाव झाली होती. लोकांनी दोन आणि दोन बावीस केले. मी ओरडून सांगत होतो की हे नेटवर्कचं आहे, वजनाशी याचा काही संबंध नाही. पण कुणाला सांगता. दाराची कडी आतून होती. ती तिसऱ्या लाथेत चौकटीसकट आत आली.

पुढचं सगळं इतक्या जवळून झालं की मला नुसते हात आठवतात. एकाने दाजींचा शर्ट धरला, तो गळ्यापासून फाटत गेला. कुणीतरी उसाचं कांडं त्यांच्या तोंडावर मारलं. ऊस गोड असतो म्हणतात, त्याचा मार खाऊन बघा. तुटलं की त्याच्या चिरफळ्या होतात आणि त्या कातडी सोलतात. दाजींचा ओठ फाटला, एक दात टेबलावर पडला. ते मारणाऱ्यांना म्हणत होते, "अहो ऐका, अहो ऐका." माझ्या कानावर एक बुक्की बसली आणि त्या कानात पुढे आठवडाभर शिट्टी वाजत राहिली. गमछावाल्याने दाजींचा उजवा हात टेबलावर दाबला आणि म्हणाला, "ह्याच हातानं दाबतो बटनं." आणि शेजारची पान्ह्याची लोखंडी दांडी उचलून त्याने बोटांवर मारली. तो आवाज मी ऐकला. तळपायाची आग मस्तकात गेली. खोक्याचं झाकण हाताशी होतं, ते दोन्ही हातांनी उचलून मी त्याच्या कपाळात घातलं. तो रक्ताने माखला, पण पडला नाही. मग चौघांनी मला भिंतीला दाबून धरलं.

"गव्हाणीत टाका ह्याला," कुणीतरी म्हणालं. आणि दाजींना ओढत नेलं.

गव्हाण म्हणजे कारखान्याचं तोंड. लांबलचक लोखंडी हौद, त्याच्यात ऊस ओततात, खालचा पट्टा तो पुढे फिरत्या सुऱ्यांकडे नेतो, आणि सुऱ्यांच्या पलीकडे उसाचा ऊस राहत नाही. दरसाल पहिली मोळी टाकताना तिथे नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात. त्याच काठावर त्यांनी दाजींना उभं केलं. बैलाचा कासरा त्यांच्या कमरेला बांधला आणि दोघांनी त्याचं टोक धरलं. काटाघराच्या मोडक्या दारातून मला ते सरळ दिसत होतं. ऊस संपल्यामुळे पट्टा थांबलेला होता. थांबलेला होता म्हणून मी श्वास घेऊ शकत होतो.

सुरक्षारक्षक केव्हाच पांगले होते. साहेब लोकांची जीप मागच्या गेटाने गेली असं नंतर कळलं. बाकीचे काटेवालेही पळाले होते. राहिलो आम्ही दोघंच, एक गव्हाणीच्या काठावर आणि एक भिंतीला दाबलेला.

मग ते आबा आत आले, ज्यांना गमछावाल्याने आवाज दिला होता. पांढरं धोतर, टोपी, वय झालेलं. आसपासच्या दोन-तीन गावांत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी मला सोडायला लावलं आणि खुर्ची ओढून बसले.

"काय हाय त्या चिपत? काढून दाव."

मी फ्लॉपी पेटीत घातली, कार्ड परत बसवलं आणि जुन्या चिपेतून काढलेलं सगळं पडद्यावर ओतलं. अक्षरं, आकडे, नुसता काला. मी समजावलं की ऑफिसातल्या कॅशियरच्या मशीनमध्येही हेच कार्ड आहे, त्यातलंही काढतो, दोन्ही शेजारी लावून बघा, एका अक्षराचा फरक निघणार नाही. आबांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"ह्यातलं मला काय कळतंय," ते म्हणाले. "आन् तुला कळतंय त्ये मी का मानू? तू त्याचा मेव्हना."

खोटं नव्हतं ते. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मानलं नसतं.

"काटा चालू कर," आबा म्हणाले. "गोदामातून साखरंची पोती आनतो. पोतं क्विंटलाचं असतंय, ते सगळ्या जगाला ठावं हाय. वीस पोती ठिवू. पावती बराबर आली तर तुजा दाजी घरी. कमी आली तर मग मी मधी पडनार न्हाई."

कबूल होण्याखेरीज माझ्याकडे दुसरं काय होतं? पण काटा चालू करायचा तर चिपेत नवा प्रोग्राम लिहायला हवा. मी लिहायला बसणार, तेवढ्यात पॉवर हाऊसचा एक माणूस काटाघरात आला. रिकाम्या हाताने त्या गर्दीत शिरलेला तो एकटाच. कारखान्याची वीज हंगामात कारखानाच तयार करतो. ऊस पिळून उरलेला चोथा बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर टर्बाईन फिरतं.

तो म्हणाला, "गव्हान थांबल्यापासून चोथा न्हाई. वाफ उतराया लागलीय. टर्बाईन कवाबी बसंल, मग समदा अंधार. भाईरची लाईन तर दुपारपत्तुर न्हाईच."

काट्याच्या यूपीएसची बॅटरी मागच्याच हंगामात गेली होती, ती बदलायचं राहून गेलं होतं. म्हणजे मी लिहायला घेतलं आणि मध्येच वीज बसली, तर कार्ड मेलं, काटा मेला आणि पोती तोलायची राहिली. पुढचं मी मनातसुद्धा बोललो नाही.

"किती वेळात चोथा येईल?" मी विचारलं.

"आत्ता गव्हान चालू केली तर वाफ सावरती," तो म्हणाला.

मी दारात गेलो. हे मला आजही झोपेत ऐकू येतं, माझाच आवाज. मी जीव तोडून ओरडलो, "गव्हाण चालू करा. ऊस टाका. गव्हाण चालू करा."

लोक माझ्याकडे वळले. त्यांनाही समजेना की हा असं काय बोलतोय. दाजी काठावरून माझ्याकडे बघत होते. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण त्यांची मान माझ्याकडे होती. नंतर पुष्कळ महिन्यांनी ते मला म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला पण पटलं की मी चोर हाय." मी तिथेच रडलो.

आबांनी हात वर केला. रांगेतल्या पहिल्या दोन ट्रॉल्या वजन न करताच गव्हाणीकडे वळवल्या. ज्यांचा ऊस होता ते कुरकुरले, आबांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. पट्टा खडखडला. सुऱ्या सुरू झाल्या. त्या फिरायला लागल्या की जमीन हादरते, काटाघराची काच हादरते. दाजींच्या पायाखालून ऊस वाहायला लागला. कासरा धरणारे दोघं हसून वाकत होते. त्यातल्या एकाने दोरी हातभर सैल सोडली आणि पुन्हा ताणली. गंमत म्हणून. दाजी गुडघ्यावर आले आणि त्यांनी त्या मोडक्या हाताने लोखंडी कड धरली.

दिव्याचा उजेड मंद झाला होता, तो हळूहळू सावरला. पॉवर हाऊसवाल्याने मान हलवली. मी लिहायला सुरुवात केली. पडद्यावर एकेक ठिपका पुढे सरकत होता. माझ्या फुटलेल्या कानातून रक्त की-बोर्डवर पडत होतं आणि मी ते बाहीने पुसत होतो. मागे पंधरा-वीस माणसं उभी होती. त्यांचा घाम, बिडीचा वास, त्या गमछावाल्याचा श्वास. त्याने कपाळाला गमछा बांधला होता, पिवळ्याचा लाल झालेला. तो माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "बिघडला तर पैला तू." एकदा दिवा फडफडला. मी देवाचं नाव घेत नाही कधी, तेव्हा घेतलं. ठिपके थांबले आणि पुन्हा चालू झाले, आणि शेवटी खाली एक ओळ आली की काम झालं.

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. त्याने हाक मारली. पलीकडून ओ आली. पावतीचा पडदा उघडला.

गोदामातून पोती आली. शिवण आबांनी स्वतः तपासली. वीस पोती काट्याच्या लोखंडी फळीवर रचली आणि सगळे बाजूला झाले. प्रिंटरने कर्रकर्र करत पावती काढली. आबांनी चष्मा लावून वाचली. वीस क्विंटल वीस किलो.

"वीस किलो जास्ती दावतंय," मागून कुणीतरी ओरडलं.

"वीस पोत्यांचं बारदान हाय ते, येड्या, रिकामं पोतंच किलोचं असतंय," आबा म्हणाले. त्यांनी पावती घडी करून टोपीत ठेवली. "सोडा त्याला."

बस्स. एवढंच. कुणी माफी मागितली नाही, कुणी मान खाली घातली नाही. दाजींना सोडलं तसे ते पाय ओढत माझ्याकडे आले. मी त्यांना धरलं. त्यांच्या बोटांकडे बघवत नव्हतं, दोन्ही आडवी झाली होती. मी त्यांना मोटरसायकलवर बसवलं, दौंडला दवाखान्यात न्यायला किक मारली, आणि गर्दी पुन्हा आमच्याभोवती गोळा झाली.

मला वाटलं पुन्हा मारतात. मी स्क्रू ड्रायव्हर मुठीत धरला. एक-दोघांना घेऊनच मरायचं ठरवलं होतं मी.

"हे निगाल्यावर काटा कोन करनार?" एकाने विचारलं.

"बाकीचे पळाले की समदे."

"आवं ऊस वाळतोय आमचा, दाजी. तेवढं उरकून जावा."

दाजी म्हणून हाक मारली त्यांनी. काल याच वेळेला ते त्यांचे दाजी नव्हते, तासापूर्वी तर चोर होते. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, आमच्याकडे आधी वैद्याला मारलं आणि मग गरज काढली. मी आईबहिणीवरून ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. त्यांना काही वाटलं नाही. कुणी चिडलंही नाही. ते नुसते मोटरसायकल धरून उभे राहिले, शांतपणे. सोडेनात.

दाजी उतरले. "चला," मला म्हणाले. "नाही केलं तर जाऊ देणार नाहीत, आन् ऊस खरंच वाळतोय."

आबांनी कुणाकडून तरी पाणी आणवलं, हाताला ओलं फडकं गुंडाळलं. दाजी त्या मोडक्या दाराच्या खोलीत खुर्चीवर बसले. टेबलावर त्यांचा दात तसाच होता, तो त्यांनी खिशात टाकला. आणि डाव्या हाताच्या एका बोटाने नंबर टाकायला लागले. मी शेजारी उभा. पहिली ट्रॉली आली ती गमछावाल्याची. रांगेत त्याचाच नंबर होता. तो त्याच खिडकीत येऊन उभा राहिला, कोपरं टेकून. दाजींनी वजन घेतलं, पावती काढली, आणि तोंडातून रक्त येत असल्यामुळे सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हणाले, "नीट बघून घ्या. दहा किलोचा फरक वाटला तर पुन्हा लावा."

त्याने पावती बघितली, लाल आकड्यांचा डबा बघितला. "बराबर हाय," म्हणाला, आणि ट्रॅक्टर पुढे घेतला.

ऊन उतरेपर्यंत ते चाललं. रांग संपली तेव्हा दाजी खुर्चीवरून उठता उठता खाली पडले. डॉक्टर म्हणाला, ताबडतोब आणलं असतं तर बोटं सरळ झाली असती. ताईने तो फाटका शर्ट बरेच दिवस धुतला नाही. तिने मला एकच विचारलं, "तू होतास ना तिथं?" मी होतो. होतो म्हणून तर ते जिवंत होते.

दाजी पुढच्या हंगामातही त्याच काट्यावर बसले. घर चालायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर इतर काट्यांपेक्षा त्यांच्याच काट्यावर रांग जास्त लागायची. लोक म्हणायचे, हा माणूस मारत न्हाई.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात केंदूरला आमच्या पाहुण्यात एक लग्न होतं. पंगतीत मी आणि दाजी शेजारी बसलो होतो. वाढायला नवरीकडची मंडळी होती. जिलबीचं ताट घेऊन आला त्याच्या कपाळावर भुवईच्या वर आडवा व्रण होता. मी तो व्रण ओळखला, मीच केला होता. त्याने आम्हाला ओळखलं नाही. दाजींच्या पानासमोर तो वाकला, त्यांचा हात बघून हसला आणि म्हणाला, "पाव्हनं, डाव्या हातानं जेवताय व्हय?"

मी उठायला लागलो. दाजींनी ती वाकडी बोटं माझ्या मांडीवर ठेवली आणि मला खाली दाबलं.

"व्हय," ते म्हणाले. "सवय लागलीय."

त्याने आग्रह करून त्यांना आणखी एक जिलबी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेला. दाजींनी ती खाल्ली.